पेट्रोल महागलं की पर्यायी गाड्या येतात, की ते स्वस्त होणार नाही याची खात्री पटली की?

चक्रधर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पेट्रोल चढलं की इलेक्ट्रिक, इथेनॉल, सीएनजी यांच्या चर्चेला ऊत येतो आणि उतरलं की सगळं थंड पडतं. माझं मत आधीच मांडतो, मग तुम्ही खोडून काढा. भाव किती चढला याला फार महत्त्व नाही. चढलेला भाव टिकणार आहे असा भरवसा गाडी बनवणाऱ्याला वाटतो का, यावर सगळं अवलंबून असतं. नवी गाडी कागदावरून शोरूममध्ये यायला तीन ते पाच वर्षं लागतात. तेलाची तेजी बहुतेक वेळा तेवढीही टिकत नाही.

उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत बाराच्या घरात गेलं. त्या काळात एक्सॉन या तेल कंपनीनेच बॅटरीवर पैसा लावला. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी तिथे लिथियम आणि टायटॅनियम डायसल्फाइडची बॅटरी तयार केली, १९७६ मध्ये शोधनिबंध आला, १९७७ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रिक वाहन प्रदर्शनात सेल मांडले गेले. १९७६ मध्येच अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून इलेक्ट्रिक आणि हायब्रिड वाहनांच्या संशोधनाचा कायदा केला. १९८० नंतर तेल उतरायला लागलं आणि एक्सॉनने काम गुंडाळलं. १९८६ मध्ये तर भाव कोसळलाच. लिथियम आयन बॅटरी शेवटी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, तीही व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. गाडीसाठी सुरू झालेलं काम गाडीपर्यंत पोचायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली. व्हिटिंगहॅम यांना २०१९ मध्ये गुडइनफ आणि योशिनो यांच्यासोबत नोबेल मिळालं.

बॅटरीच नको, कुठल्याही पर्यायी इंधनावर लिहा. फक्त आकडे आणि कारणं द्या, म्हणजे धागा पुढेही कुणाच्या कामाला येईल.

---

ओहमचा नियम

चांगला विषय. पण एक्सॉनचं सगळं खापर तेलाच्या भावावर फोडू नका.

त्या बॅटरीत ऋण बाजूला शुद्ध धातुरूप लिथियम होतं. चार्ज करताना लिथियम परत पातळ थरात बसत नाही, त्याचे सुईसारखे काटे वाढतात. काटा मधला पडदा भेदून पलीकडे पोचला की आतल्या आत शॉर्ट होतो आणि आग लागते. त्यांनी लिथियममध्ये अॅल्युमिनियम मिसळून पाहिलं, द्रावण बदललं, तरी मोठ्या सेलचा प्रश्न सुटला नाही. १९८० मध्ये ऑक्सफर्डला गुडइनफ यांच्या गटाने धन बाजूसाठी कोबाल्ट ऑक्साइड शोधलं आणि १९८५ मध्ये योशिनोंनी ऋण बाजूला कार्बन वापरला, तेव्हा कुठे धातुरूप लिथियम काढून टाकता आलं.

म्हणजे १९८१ मध्ये तेल चढंच राहिलं असतं, तरी १९८५ च्या आत गाडीत बसवण्यासारखी बॅटरी हाती आली नसती. भावामुळे प्रयोगशाळेला पैसा मिळतो. रसायन त्याच्या वेळेनेच जमतं.

---

चक्रधर

मान्य. पण पैसा बंद झाला नसता तर ही कामं एकाच छताखाली, लवकर झाली असती असं मला वाटतं. ते सिद्ध करता येणार नाही, म्हणून सोडतो.

---

ऊसपट्टा

या विषयात ब्राझीलइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. जरा लांब लिहितो.

१९७३ मध्ये ब्राझील आपल्या गरजेचं जवळजवळ ८० टक्के तेल आयात करत होता. त्यात १९७४ च्या अखेरीस साखरेचा जागतिक भाव शिखरावर जाऊन कोसळला. कारखान्यांकडे ऊस होता, साखरेला गिऱ्हाईक नव्हतं. १४ नोव्हेंबर १९७५ ला सरकारने प्रोआल्कोल कार्यक्रमाचा, म्हणजे उसापासून इंधनाचं अल्कोहोल (इथेनॉल) करायचा हुकूम काढला. हा कार्यक्रम पेट्रोल महागल्यामुळे जितका आला, तितकाच साखर पडल्यामुळे आला. दोन्ही बाजूंनी रेटा होता, म्हणून तो उभा राहिला.

सुरुवातीला फक्त पेट्रोलमध्ये मिश्रण होतं. १९७९ मध्ये इराणमुळे तेल पुन्हा भडकलं आणि त्याच वर्षी निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. सरकारने तीन गोष्टी बांधून दिल्या: सरकारी तेल कंपनी पेट्रोब्रास अल्कोहोल विकत घेणार, पंपावर त्याचा दर पेट्रोलच्या ६५ टक्क्यांच्या आसपास राहणार, आणि अशा गाड्यांना कर कमी. १९८५-८६ पर्यंत नव्या गाड्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गाड्या अल्कोहोलच्या होत्या.

मग १९८६ ला तेल पडलं. पेट्रोल स्वस्त झालं म्हणून अल्कोहोलचा दरही दाबून ठेवावा लागला आणि कारखान्यांना ते परवडेना. तिकडे साखर वर आली, तसा ऊस साखरेकडे वळला. १९८९-९० मध्ये पंपांवर अल्कोहोल मिळेना, रांगा लागल्या, ऊस पिकवणाऱ्या देशाला अल्कोहोल आयात करावं लागलं. ज्यांच्या गाडीला दुसरं इंधन चालतच नव्हतं त्यांची गाडी दारात उभी राहिली. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. दहा वर्षांत या गाड्यांची विक्री जवळजवळ शून्यावर आली.

आता उलगडा बघा. मार्च २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल टोटल फ्लेक्स आणली. कोणत्याही प्रमाणात पेट्रोल-अल्कोहोल चालतं, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण ओळखतो आणि कॉम्प्युटर इंधन कमीजास्त करतो. आता भावाची जोखीम गिऱ्हाईक पंपावर उभं राहून स्वतः सांभाळतं. तिथला ठोकताळा सोपा आहे: अल्कोहोलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तर अल्कोहोल भरा, नाहीतर पेट्रोल.

म्हणून चक्रधरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की भाव स्थिर राहील याची वाट बघत बसण्यापेक्षा, भाव हलला तरी अडणार नाही अशी गाडी करावी.

---

जेटसुई

ऊसपट्टा, फार नेमकं लिहिलंत. ७० टक्के कुठून आले तेही सांगतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे ६६ टक्के. पण इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण) १०८ च्या आसपास असल्याने कॉम्प्रेशन वाढवता येतं आणि थोडी भरपाई होते. म्हणून ७०.

त्या काळच्या निव्वळ अल्कोहोलच्या इंजिनात काय काय बदलावं लागलं ते बघण्यासारखं आहे.

कॉम्प्रेशन ११-१२ ला एक असं केलं. पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण वजनाने १४.७ ला १ लागतं, इथेनॉलला ९ ला १, म्हणून कार्बोरेटरचे जेट (इंधन सोडणारी छिद्रं) मोठे. कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. पंपावरच्या अल्कोहोलमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्याने तो आतून खातो आणि पांढरी भुकटी जेटमध्ये अडकते. त्यावर निकेलचा मुलामा दिला. टाकीला आतून कथलाचा थर. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला.

आणि थंडीतली सुरुवात. इथेनॉल थंडीत वाफ होत नाही, १३-१४ अंशांखाली इंजिन नुसतं फिरत राहतं. म्हणून बॉनेटखाली लिटरभर पेट्रोलची एक छोटी टाकी आणि छोटा पंप दिला. थंड सकाळी बटण दाबून पेट्रोलचा फवारा आत सोडायचा आणि मग किल्ली फिरवायची. आता गोम अशी की उन्हाळाभर त्या टाकीकडे कुणी बघत नसे. पेट्रोल जुनं होऊन चिकट व्हायचं आणि पहिल्या थंडीत पंप जाम. २००९ पासून इंधनच तापवून आत सोडायची सोय आली, तेव्हा ही टाकी हळूहळू गेली.

---

निळावंती

ती छोटी टाकी! इतक्या वर्षांत कुठेच वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

मोजपट्टी

ब्राझील झालं, आता मुंबई. भाव नुसता चढणं आणि दोन इंधनांतला फरक वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सीएनजीचा २०२२ चा हिशेब बघा.

गृहीतक: कारला पेट्रोलवर लिटरमागे १७ किमी, सीएनजीवर किलोमागे २२ किमी. कंपनीच्या सीएनजी गाडीसाठी ९५,००० रुपये जास्त.

एप्रिल २०२२ चा पहिला आठवडा: राज्याने गॅसवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला होता. मुंबईत पेट्रोल १२०.५१, सीएनजी ६७. किलोमीटरला ७.०९ विरुद्ध ३.०५, फरक ४.०४. पैसे वसूल २३,५०० किमीला.

नोव्हेंबर २०२२: पेट्रोल १०६.३१, सीएनजी ८९.५०. किलोमीटरला ६.२५ विरुद्ध ४.०७, फरक २.१८. पैसे वसूल ४३,५०० किमीला.

सात महिन्यांत तीच गाडी वसूल व्हायचं अंतर जवळपास दुप्पट झालं. पेट्रोल तेव्हाही शंभराच्या वर होतंच. एप्रिल २०२३ मध्ये देशांतर्गत गॅसचा दर भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरीच्या १० टक्के आणि वर साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा, असा बांधून दिला. मुंबईत सीएनजी लगेच आठ रुपयांनी उतरून ७९ झाला. त्या सूत्रानंतर कंपन्यांना सीएनजीवर पैसा लावायला धीर आला असं मला वाटतं. बजाजची फ्रीडम १२५ ही सीएनजी मोटरसायकल जुलै २०२४ मध्ये आली, दोन किलोची गॅस टाकी आणि दोन लिटर पेट्रोल.

---

गाडीवान

मोजपट्टी यांच्याशी पूर्ण सहमत. याचा सर्वांत मोठा पुरावा डिझेल. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. बत्तीस रुपयांचा फरक! त्या काळात कारच्या निम्म्याच्या आसपास खरेदी डिझेलची होती. कंपन्यांनी डिझेल इंजिनांचे कारखाने टाकले. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांनी वाढवत नेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रण उठलं, फरक आटला. त्यात एप्रिल २०२० ला बीएस६ हा धुराचा कडक नियम आला आणि छोट्या डिझेल इंजिनाला लागणारी धूर साफ करायची यंत्रणा परवडेना. मारुतीने डिझेल बंदच केलं.

म्हणजे फुगवलेला फरक चुकीच्या दिशेलाही पैसा वळवतो. डिझेल काही पर्यायी इंधन नव्हतं, तरी लोकांनी आणि कंपन्यांनी त्याला तसंच वागवलं.

---

सगरमाथा

भाव, फरक हे झालं. तिसरी गोष्ट राहिली: इंधन मिळेलच याची खात्री नसणं.

१९८९ मध्ये भारत-नेपाळ व्यापार करार संपला आणि नाकेबंदीत काठमांडूला इंधनाची टंचाई झाली. धूरही प्रचंड होता. १९९३ मध्ये तिथे डिझेलच्या विक्रम टेंपोत मोटर बसवून सफा टेंपो तयार केला गेला. ६ व्होल्टच्या १२ शिसे-आम्ल बॅटऱ्या, म्हणजे ७२ व्होल्ट. एका चार्जवर ६० किमीच्या आसपास. दिवसभर धंदा करायचा तर तेवढं पुरत नाही, म्हणून प्रत्येक टेंपोला बॅटरीचे दोन संच. दुपारी चार्जिंग स्टेशनला यायचं, रिकामा संच रुळांवरून बाजूला ओढून काढायचा, भरलेला आत सरकवायचा. आज बॅटरी-स्वॅपिंग म्हणून जे चाललंय ते काठमांडूत तीस वर्षांपूर्वी रोजचं काम होतं. १९९९ मध्ये डिझेल विक्रम खोऱ्यातून हद्दपार झाले आणि सफा टेंपोंची संख्या सहाशेच्या पुढे गेली.

शिसे-आम्ल बॅटरी मात्र जीव खाते. दर आठवड्याला ऊर्ध्वपातित पाणी बघायचं, ५० टक्क्यांखाली उतरू द्यायची नाही. धंद्यात ते पाळलं जात नाही. प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो आणि एक सेल गेला की सगळा संच ओढ देत नाही.

२०१५ च्या नाकेबंदीने पुन्हा तेच शिकवलं. पण या वेळी पुढे वीज होती. काठमांडूचं भारनियमन २०१६ च्या अखेरीस संपलं, २०२१ मध्ये ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला. आज नेपाळमध्ये आयात होणाऱ्या कारमध्ये इलेक्ट्रिकचं प्रमाण भारताच्या कितीतरी पुढे आहे.

---

जुनाट

टंचाईचाच विषय निघालाय तर दुसऱ्या महायुद्धातल्या कोळशाच्या गाड्या विसरू नका. पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा आपल्याकडेही बसच्या मागे गॅसची भट्टी बांधून गाड्या चालत. युरोपात तर लाखांनी होत्या.

रचना अशी: भट्टीत लाकडी कोळसा. हवा कमी दिली की तो पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गॅस भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या नळीतून जाऊन राख खाली टाकतो, मग थंड करणारी नळी, मग कापडाचा किंवा काथ्याचा फिल्टर, मग हवेशी मिसळून इंजिनात. एक लिटर पेट्रोलच्या जागी सव्वा ते दीड किलो कोळसा, किंवा अडीच-तीन किलो वाळलेलं लाकूड. या गॅसचा निम्मा भाग नुसता नायट्रोजन, त्यामुळे इंजिनाची ताकद ४० टक्क्यांपर्यंत घटते. घाट चढताना प्रवाशांना उतरावं लागे ते यामुळे.

सकाळी सुरू करायला हातपंख्याने दहा-पंधरा मिनिटं वारा घालायचा. बाहेर येणारा गॅस पेटवून बघायचा, निळसर ज्योत एकसारखी राहिली की इंजिनाकडे वळवायचा. सगळ्यांत मोठा धोका बंद गॅरेजमध्ये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि भट्टी विझवल्यावरही तो सुटत राहतो.

युद्ध संपून पेट्रोल परत आलं आणि दोन-तीन वर्षांत हे सगळं भंगारात गेलं. चक्रधरांचा मुद्दा याहून सरळ कुठे दिसणार?

---

ऊसपट्टा

आता घरचं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २०१३-१४ पर्यंत मिश्रण दीड टक्क्यावर रेंगाळत होतं. तेव्हा तेल शंभर डॉलरच्या वर होतं हे लक्षात घ्या! महाग तेलाने काही हललं नाही. मळीवरचं नियंत्रण, राज्याराज्यांचे कर आणि इथेनॉलला न परवडणारा दर आडवे येत होते.

हललं ते सरकारने रसाचं, बी-हेवी मळीचं (थोडी साखर राहू दिलेली) आणि सी-हेवी मळीचं (साखर काढून उरलेली) इथेनॉल असे वेगवेगळे दर बांधून दिल्यावर आणि २०१८ पासून आसवन्यांच्या (इथेनॉल गाळणाऱ्या कारखान्यांच्या) कर्जावर व्याजसवलत दिल्यावर. एक टन उसाच्या रसातून थेट ७० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळतं, सी-हेवी मळीतून टन उसामागे १०-११ लिटर, कारण साखर आधीच काढून घेतलेली असते. रसाला लिटरला ६३.४५ रुपये मिळू लागल्यावर कारखान्यांनी गणित केलं आणि जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले गेले.

आणि मग ७ डिसेंबर २०२३. पाऊस कमी, साखर कमी पडेल ही भीती, म्हणून रसापासून इथेनॉल करायला ऐन गाळप हंगामात बंदी. आठवड्याभरात ती शिथिल करून १७ लाख टन साखरेपुरती परवानगी दिली, निर्बंध उठले ऑगस्ट २०२४ मध्ये. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवनी उभी केली त्यांचा हप्ता काही थांबत नाही. हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे म्हणून जोर देऊन लिहितो: कारखानदार तेलाच्या भावाला तोंड देऊ शकतो, हंगामाच्या मध्यात बदललेल्या नियमाला देऊ शकत नाही. ब्राझीलचं १९८९ तसंच घडलं होतं. साखर आणि इंधन एकाच उसावर टांगलेलं असलं की साखर जिंकते. त्यानंतर मका पुढे आला, लिटरला ७१.८६ रुपये दराने.

---

रानवाट

मग ई२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) पंपावर दर का उतरला नाही? आणि जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलला काय करायचं?

---

जेटसुई

दर उतरला नाही कारण कंपन्या इथेनॉल ज्या दराने घेतात तो कर वगळता पेट्रोलच्या मूळ दराहून कमी नाही. वाहनधारकाला फायदा दिसत नाही आणि ॲव्हरेज मात्र घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय: जुन्या चारचाकीला ६-७ टक्के, जुन्या दुचाकीला ३-४ टक्के, ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकीला १-२ टक्के घट.

कार्बोरेटरच्या गाडीचं असं आहे. ई१० ला हवेचं प्रमाण १४.१ लागतं, ई२० ला १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला साडेचार टक्के जास्त इंधन हवं. प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर असतो, म्हणून व्यास दोन टक्क्यांनी वाढवायचा. ११० चा मेन जेट असेल तर ११२, न मिळाल्यास ११५. एकदम १२० घालू नका, प्लग काळा पडेल. बदलल्यावर दहा किलोमीटर एका वेगाने चालवून प्लग काढा: टोक फिकट तपकिरी हवं. पांढरं म्हणजे इंधन कमी, काजळी म्हणजे जास्त. पायलट जेट तसाच ठेवा, मिक्स्चर स्क्रू इंधन वाढेल त्या बाजूला पाव फेरी फिरवून बघा.

जेटहून महत्त्वाचं रबर. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी, पेट्रोल कॉकचं वॉशर, फ्लोट चेंबरचं पॅकिंग आणि सुईचं टोक. साधं नायट्राइल रबर फुगतं, मऊ पडतं, मग सुई नीट बसत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. व्हिटॉनची नळी घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे वर दमट हवा राहत नाही, आणि फ्लोट चेंबर खालच्या स्क्रूने रिकामा करा. कोकणात पावसाळ्यात हे कराच. इथेनॉल पाणी ओढतं, मर्यादेबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि कॉक नेमका तळाशी असतो.

---

रानवाट

धन्यवाद, हे छापून गॅरेजात लावण्यासारखं आहे.

---

टिळा

हायड्रोजनबद्दल कुणीच लिहिलं नाही?

---

ओहमचा नियम

थोडक्यात. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज, मग तो ७०० बारला दाबायचा, मग गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये परत वीज. भिंतीतून निघालेल्या विजेचा तिसरा हिस्साही चाकाला पोचत नाही, बॅटरीत पाऊण पोचतो. पेट्रोल कितीही महागलं तरी हायड्रोजन कारची स्पर्धा पेट्रोलशी नाही, बॅटरीशी आहे.

---

मोजपट्टी

मूळ प्रश्नाकडे वळू. इलेक्ट्रिक स्कूटरचं गणित करून पाहिलं तर पेट्रोलचा भाव वाटतो तितका निर्णायक निघत नाही.

पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किमी. इलेक्ट्रिकला चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला ३८ वॅट-तास, युनिट ९ रुपये, म्हणजे ३४ पैसे. इलेक्ट्रिकसाठी ३०,००० जास्त मोजले असं धरू.

पेट्रोल १०३.५० असेल तर वसूल १५,३०० किमीला. १२० झालं तर १२,९०० ला. ८५ वर आलं तर १९,४०० ला. रोज ३० किमी चालणाऱ्याला हे अनुक्रमे ५१०, ४३० आणि ६४५ दिवस. तिन्ही वेळा दोन वर्षांच्या आतच. पण रोज १० किमी चालणाऱ्याला १०३.५० च्या भावातही चार वर्षं लागतात. म्हणून घरोघरी सामान पोचवणारी मुलं आणि रिक्षावाले आधी वळले.

कारला उलटा धक्का बसतो. घरी चार्ज केलं तर युनिटला १७० वॅट-तासाच्या हिशेबाने किलोमीटरला दीड रुपया. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिट २२ रुपयांना पडलं तर ३.७४. ८० रुपयांचा सीएनजी किलोमीटरला ३.६४ पडतो. ज्याच्या सोसायटीत मीटर मिळत नाही त्याला इलेक्ट्रिक कार सीएनजीहून महाग चालते.

---

गाडीवान

"युनिटला १७० वॅट-तास" नाही, किलोमीटरला १७० वॅट-तास. बाकी चोख.

---

मोजपट्टी

बरोबर, किलोमीटरलाच. धन्यवाद.

---

पश्चिमवारा

चक्रधरांच्या मताविरुद्ध दोन दाखले. टोयोटाने प्रियस या हायब्रिड गाडीचं काम १९९३ मध्ये सुरू केलं आणि गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. पुढच्या वर्षी तेल बारा डॉलरच्या आसपास होतं! कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये शून्य-धूर गाड्यांचा नियम केला तोही पेट्रोलच्या भावासाठी नाही, हवेच्या प्रदूषणासाठी. म्हणजे नवी गाडी स्वस्त तेलातही जन्मते. पण प्रियस अमेरिकेत खपली ती २००४ ते २००८ च्या तेजीत, जुलै २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं तेव्हा. तयार गाडी हाताशी होती म्हणून टोयोटाला त्या तेजीचा फायदा झाला. ज्यांनी तेजी आल्यावर कागद-पेन्सिल उचलली, त्यांची गाडी तयार होईपर्यंत २००८ चा डिसेंबर आला आणि तेल चाळिसात.

आणि नॉर्वे. स्वतः तेल विकणारा देश, तरी पंपावर भरपूर कर. इलेक्ट्रिक कारला खरेदी कर १९९० मध्ये माफ केला, व्हॅट २००१ मध्ये. २०२४ मध्ये नव्या कारपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक. तेलाच्या बाजारभावाने नाही, करांनी हे घडवलं.

---

चक्रधर

प्रियसचा दाखला मला मान्य करावा लागेल. तेजी यायच्या आधी काम झालेलं असावं लागतं.

करांचा मुद्दा आपल्याकडेही लागू होतो. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये तेल कोसळलं, तेव्हा केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा मिळून ११.७७ रुपयांनी आणि डिझेलवरचं १३.४७ रुपयांनी वाढवलं. मे २०२० मध्ये पुन्हा पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३. सामान्य माणसाला याचा त्रास झाला यात शंका नाही. पण त्यामुळे तेल पडलं तरी पंपावरचा भाव फारसा पडला नाही, आणि १९८६ नंतर अमेरिकेत जे झालं ते इथे झालं नाही.

---

गाडीवान

त्याच पैशाला दुसरी बाजू आहे. पेट्रोल-डिझेलवरच्या करातून केंद्राचा आणि राज्यांचा संसार चालतो. गाड्या विजेवर गेल्या की तो आटणार. म्हणून सवलती सुरू होतात आणि मध्येच कमी होतात. फेम-२ या केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहन अनुदान योजनेत जून २०२१ ला दुचाकीची मदत किलोवॅट-तासाला १५,००० आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत केली, १ जून २०२३ ला १०,००० आणि १५ टक्क्यांवर आणली. तीन किलोवॅट-तासाच्या स्कूटरला ४५,००० मिळत होते, ते एका रात्रीत २०,००० च्याही खाली आले. पेट्रोल त्या महिन्यात एक पैसा हललं नव्हतं.

---

ओहमचा नियम

आणि तरीही विक्री पुन्हा सावरली, कारण बॅटरी स्वस्त झाली. ब्लूमबर्गच्या सर्वेक्षणात बॅटरी पॅकचा सरासरी भाव २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५. तीन किलोवॅट-तासाच्या स्कूटरला किलोवॅट-तासामागे १०० डॉलरची घट म्हणजे पंचवीस हजार रुपये. पेट्रोल वीस रुपयांनी महागण्यापेक्षा याचं वजन जास्त.

---

ऊसपट्टा

बॅटरीचा भाव उतरणारा, तेलाचा वरखाली होणारा, उसाचा पावसावर. तिघांत आसवनीला कर्ज देणाऱ्या जिल्हा बँकेने काय बघावं? माझ्या मते किमान पाच हंगामांचा लेखी दर आणि एकाच आसवनीत रस, मळी, मका तिन्ही चालतील अशी यंत्रणा. मक्यासाठी दळण आणि शिजवणीचा वेगळा विभाग लागतो, तो सुरुवातीलाच आराखड्यात धरला तर जागा आणि वाफ पुरते. नंतर जोडायला गेलं की बॉयलर कमी पडतो.

---

सगरमाथा

ऊसपट्टा, ही फ्लेक्स गाडीचीच कल्पना, फक्त कारखान्याला लावलेली. यावर वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

---

ऊसपट्टा

काढतो. बॉयलरचे दाब आणि बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) हिशेब जमवून रविवारी टाकेन.